चाकाचा आउट घरच्या घरी काढताना

सायकलचं चाक डुगडुगतंय, म्हणजे रिमला आउट (वाकडेपणा) आलाय, म्हणून थेट आऱ्यांना हात घालू नका. आधी रिम धरून चाक आडवं हलवून बघा. एक्सलपाशी खुळखुळ लागली तर कोन (एक्सलवरचा, बेअरिंग धरून ठेवणारा नट) सैल आहे. तो न आवळता आउट काढायला बसलात, तर दर फेऱ्याला रिम वेगळीकडे दिसेल.

सामान थोडंच: निपलचा (आऱ्याच्या रिमकडच्या टोकावरच्या छोट्या नटाचा) पाना, मशीनचं तेल, खडू, दोन केबल टाय. अनेक खाचांचा गोल पाना स्वस्त मिळतो, पण चुकीच्या खाचेत निपलचे कोपरे झिजतात आणि मग पकड शोधावी लागते. निपलचा चौकोन बहुधा 3.2 ते 3.5 मिमी असतो. त्यावर घट्ट बसेल तीच खाच वापरा.

सायकल उलटी करा. चिमट्याला (चाक धरणाऱ्या दांड्यांना) टाय बांधून त्याचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा. चाक हळू फिरवा, टोक घासेल तिथे खडूची खूण. तिथे रिम डावीकडे आली असेल तर उजव्या बाजूचे एक-दोन आरे पाव फेरा आवळा, डावीकडचे तेवढेच सैल करा. नवशिके नुसते आवळतच जातात; मग आडवा (डावी-उजवीकडचा) आउट जातो आणि उभा (वर-खालचा) येतो, चाक उड्या मारतं. उभ्या फुगवट्याला दोन्ही बाजूंचे आरे जोडीने आवळायचे.

दिशेत बहुतेक जण फसतात. वर आलेलं निपल टायरकडून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने आवळतं. तेच खाली असताना हबकडून (चाकाच्या मधल्या भागाकडून) बघितलं तर उलट.

दुसरी फसगत गंजाची. पावसाळा काढलेल्या चाकात निपल फिरल्यासारखं वाटतं, पण आटे जागचे हलत नाहीत, आराच पिळला जातो. रस्त्यावर निघताच 'टिंग टिंग' करत पीळ सुटतो आणि आउट परत हजर! म्हणून आदल्या रात्री प्रत्येक निपलच्या बुडाशी तेलाचा एक थेंब. आवळताना किंचित जास्त फिरवून तेवढंच मागे घ्या, शेवटी शेजारचे आरे जोडीजोडीने मुठीत दाबा. रिमवर सांडलेलं तेल पुसा, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

गिअरच्या सायकलला मागे फ्रीव्हीलकडचे (दातेरी चक्राकडचे) आरे जास्त ताणलेले असतात. दोन्हीकडे सारखा ताण करायला गेलात तर रिम मधोमध राहणार नाही.

आउट 1 मिमीच्या आत आला की थांबा. खुणेपाशी एका बाजूचे आरे पार ढिले, समोरचे कडक, तरी रिम बाहेरच असेल, तर ती खड्ड्यात वाकली आहे. मग पाना खाली ठेवा आणि नवी रिम बघा.