मधुमेहाचे घरगुती उपाय करताय? या चुका टाळा

टाइप २ मधुमेह माझ्याकडे चौदा वर्षं मुक्कामाला आहे. कारलं, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, विजयसारच्या लाकडी पेल्यातलं पाणी, सगळं करून झालंय. म्हणून इंदूरच्या नेहरू पार्कात सकाळी कुणी “काकू, गोळ्या सोडल्या, आता फक्त रस” म्हणालं की माझं डोकं फिरतं.

पण गोळी चालू ठेवून वर रस पिणारेही कमी नाहीत. गेल्या चैत्रात माझ्या धाकट्या दिरांनी फाटकाशी कारलं-दुधीचा मोठा ग्लास रिचवला. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी घेतलेली, पोटात अन्नाचा कण नाही. चौथ्या फेरीनंतर बाकावर बसले आणि बुटाची नाडी काही बांधता येईना. बोटं नुसती तिच्याशी चाळा करत होती. शर्ट पाठीला चिकटलेला. “भाऊजी, बरं वाटत नाही का?” विचारलं तर माझ्यावरच खेकसले. पिशवीतलं साखर मोजायचं यंत्र काढलं: ५४. एक भला माणूस जिलबी आणायला धावला (इंदूरच ते!), पण तळणातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. मी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ८१. मग घरी नेऊन पोळी-भाजी.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोट भरलेलं असो वा रिकामं. त्यात चार फेऱ्या, वरून कारलं. आकडा ७० च्या खाली गेला की आधी साखर, चौकशी मागाहून. आणि नवा उपाय सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. रागावले तर रागावू देत.

त्या ग्लासातल्या दुधीवर माझा वेगळा राग आहे. दुधी कधीकधी कडू निघतो, आणि तो कडूपणा विषारी असतो: उलट्या, रक्ताचीसुद्धा, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. एरवी जीभ सावध करते. कारल्यात मिसळल्यावर तिला काय कळणार? मी दुधी चिरताना आधी एक काप चाखते, कडू लागला की कचऱ्यात. रस पीतच नाही, कारल्याची भाजी खाते.

गूळ आणि मध म्हणजे साखरच, वाद नको.

“आठ दिवसांत साखर उतरवणारी” बिनलेबलची पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत.

उपाशीपोटीचा एक आकडा बघून नाचू नका. तीन महिन्यांनी एचबीए१सी करा, म्हणजे तेवढ्या काळातली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी. नवशिक्यांना तेवढा दम नसतो. मेथी सोमवारी भिजवतात आणि गुरुवारी लॅबमध्ये उभे.

गोळ्या सुटतात, नाही असं नाही. २०१७ साली निकाल आलेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत वर्षभराने ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. मात्र दुखणं सहा वर्षांच्या आतलं, सुरुवातीचे तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरी, आणि डोक्यावर देखरेख. कारल्याचा ग्लास त्यात नव्हता.

राहता राहिले पोहे. इंदुरात राहून ते सोडायचे कसे? मी अर्धी प्लेट घेते, उसळ जास्त, शेव चिमूटभर, जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) हवं तेवढं. खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं चालते. आणि बसते ती जिलबीच्या कढईकडे पाठ करून.