टेराहर्ट्‌झवर लॅक्टोजची चकती मोजताना

आमच्या लॅबमध्ये टेराहर्ट्‌झ लहरींचे (सेकंदाला लाख कोटीच्या घरात कंपनं) छोटे स्पंद नमुन्यातून पाठवून तो कुठल्या वारंवारिता शोषतो ते मोजतो. नवीन येणाऱ्याला मी आधी लॅक्टोजच देते. औषधाच्या गोळ्यांत भरणीला वापरतात तेच, अल्फा मोनोहायड्रेट. 0.53 टेराहर्ट्‌झच्या आसपास त्याची शोषणरेषा (ज्या वारंवारितेला तो लहरी गिळतो ती खूण) इतकी ठळक असते की ती दिसली नाही, तर दोष आपल्या मांडणीचा.

पावडर खलात बारीक कर, पॉलिइथिलीनच्या पावडरीत मिसळ आणि प्रेसमध्ये दाबून साधारण 2 मिलिमीटरची चकती काढ. कण जाडे राहिले की लहरी विखुरतात आणि वरच्या वारंवारितेकडे शोषणाचा आलेख उगाच चढतो. जाडी मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोज. इथे आळस नको. अपवर्तनांक (लहर पदार्थात किती पटींनी मंदावते तो आकडा) काढताना चकतीमुळे स्पंदाला झालेला उशीर प्रकाशाच्या वेगाने गुणायचा, जाडीने भागायचा आणि त्यात 1 मिळवायचा. जाडीच चुकली तर पुढचं सगळं वाया.

मग पेटी बंद करून कोरडा नायट्रोजन सोड. मुंबईच्या पावसाळ्यात तर याला पर्यायच नाही. हवेतली वाफ 0.557, 0.752, 1.097 टेराहर्ट्‌झला अशा खाचा पाडते की त्या नमुन्याच्याच वाटाव्यात. आर्द्रतेचा आकडा खाली येऊन स्थिरावेपर्यंत चहा पिऊन ये.

आधी रिकामं, म्हणजे चकतीशिवायचं स्कॅन, मग चकतीचं, मग पुन्हा रिकामं. दोन्ही रिकामी जुळली नाहीत तर लेझर अजून स्थिरावलेला नाही, थांब. विलंबाचा आरसा (जो सरकवत स्पंद क्षणाक्षणाने टिपतो) 3 मिलिमीटर सरकला की प्रकाशाच्या जाण्यायेण्याचे मिळून 20 पिकोसेकंद मिळतात, म्हणजे 50 गिगाहर्ट्‌झचं विभेदन; त्याहून बारीक फरक दिसत नाही. लॅक्टोजची रेषा त्याहून अरुंद असल्याने बसकी दिसेल. स्कॅन लांबवलंस तर मुख्य स्पंदानंतर 20 पिकोसेकंदांनी चकतीतला प्रतिध्वनी (तिच्या दोन्ही पृष्ठांवरून परतून आलेला स्पंद) येतो आणि आलेखावर लाटा उठतात. त्यापेक्षा चकतीच जाड काढ, म्हणजे प्रतिध्वनी उशिरा येईल.