बातमीत 'म्हणाले' कधी लिहायचं आणि 'स्पष्ट केलं' का टाळायचं

बातमी लिहायला नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला एक खोड असते, 'म्हणाले' दोनदा आलं की तिसऱ्यांदा 'नमूद केलं', मग 'स्पष्ट केलं', मग 'प्रतिपादन केलं'. शाळेत निबंधात तोच शब्द परत नको असं शिकवलेलं असतं ना, ते डोक्यात बसलेलं असतं. पण बातमी म्हणजे निबंध नाही. 'म्हणाले' पाच वेळा आलं तरी वाचणाऱ्याला खटकत नाही, त्याची नजर त्यावरून पुढे सरकते, आणि तेच हवंय.

एकच वाक्य घ्या. 'पूल सुरक्षित आहे, असं अधिकारी म्हणाले.' इथे बोलणारा अधिकारी, जबाबदारी त्याची. आता 'पूल सुरक्षित असल्याचं अधिकाऱ्यांनी स्पष्ट केलं.' झालं, आता पूल सुरक्षित आहे हे आपणच मान्य करून टाकलं, कारण स्पष्ट करायला ती गोष्ट आधी खरी असावी लागते. आणि 'सुरक्षित असल्याचा दावा केला' लिहिलं की उलटं, माणूस खोटं बोलतोय असा वास येतो. समोर वेगळी माहिती किंवा कागद असेल तेव्हाच 'दावा' लिहा, आणि ती माहिती पुढच्याच वाक्यात द्या.

आता व्याकरण, कारण इथे रोज चुका होतात. 'मंत्र्यांनी म्हणाले' चूक, 'मंत्री म्हणाले' बरोबर. 'सांगितलं'ला मात्र 'नी' लागतो. 'म्हणाले' कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणजे डॉक्टर म्हणाले की म्हणाल्या हे तुम्हाला माहीत असावंच लागतं, नुसतं आडनाव हातात असेल तर फोन करून विचारा, अंदाज नको. 'डॉक्टरांनी सांगितलं' लिहून हा प्रश्न टाळता येतो पण मग पुढच्या वाक्यात 'ते' की 'त्या' आलंच.

कागद बोलत नाही. पत्रक, अहवाल, फिर्याद असेल तर 'पत्रकात म्हटलं आहे'. कोर्टाचं तर फारच जपून. सुनावणीत न्यायमूर्ती काही बोलले ते तोंडी निरीक्षण, आदेशात लिहिलं ते वेगळं, आणि दोन्हीला सरसकट 'कोर्टानं फटकारलं' केलं की वाचणाऱ्याला निकालच लागला असं वाटतं.

सगळ्यात जास्त मला 'कबुली दिली'ची भीती वाटते. पोलीस सांगतात आरोपीनं गुन्हा कबूल केला, आपण लिहितो 'आरोपीची कबुली'. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यात होतं आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणून 'आरोपीनं कबुली दिल्याचं पोलिसांनी सांगितलं' एवढंच लिहा, आणि हेडिंगमधूनही पोलीस गाळू नका. कारण हेडिंगच सगळे वाचतात, उद्या तो माणूस निर्दोष सुटला तरी शेजाऱ्यांच्या डोक्यात तेच राहतं.

'आपण' हा शब्द छान आहे, 'आपण राजीनामा देणार नाही, असं ते म्हणाले' यात बोलणाऱ्याचा 'मी' नीट येतो. पण 'आपण लढलं पाहिजे' असं आलं की ते एकटे की सगळे हे कळत नाही, तिथे सरळ अवतरणात त्यांचेच शब्द द्या.

ठणकावलं, सुनावलं, हल्लाबोल, घणाघात हे शब्द मी कॉपीतून, म्हणजे बातमीच्या मजकुरातून, काढूनच टाकतो. आवाज खरंच चढला असेल तर काय झालं ते लिहा, टेबलावर हात आपटला, उठून गेले.

आणि नोट्स घेतानाच प्रत्येक विधानापुढे टिपून ठेवा, समोर बोलले, फोनवर बोलले, लेखी दिलं की दुसऱ्यानं सांगितलं. कॉपी लिहिताना क्रियापद मग शोधावं लागत नाही.