आधी जमीन बघा, मग अंतर: स्कॉटलंडमध्ये धावण्याच्या चार वाटा

मला एडिनबरात येऊन नऊ वर्षं झाली. पहिल्याच डिसेंबरात मी शहराला लागून असलेल्या पेंटलंड टेकड्यांवर धावायला गेले. अंतर आठ किलोमीटर. रस्त्यावर तेवढं मी पन्नास मिनिटांत पुरं करत असे. पायात रस्त्यावर धावायचे बूट, हातात पाण्याची बाटली, बाकी काही नाही. दुपारी दोनला निघाले. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत गवताखाली काळा चिखल होता. त्यात उजवा पाय नडगीपर्यंत रुतला आणि बूट आतच राहिला. तो उपसून काढेपर्यंत बोटं बधिर झाली, नाडी बांधता येईना. खाली पोचले तेव्हा चार वाजून गेले होते आणि समोरची वाट दिसेनाशी झाली होती.

तेव्हापासून नवी वाट ठरवताना मी आधी पायाखालची जमीन कशी आहे ते बघते, मग वारा, मग उजेड. किलोमीटर सगळ्यात शेवटी. खालच्या चार वाटा मी त्याच क्रमाने लावल्या आहेत, सोपी जमीन आधी. इथे नवे आला असाल तर याच क्रमाने धावा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते: इथे वाटेची परवानगी मागत फिरावं लागत नाही. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर जवळजवळ सगळीकडे पायी जाण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. घराभोवतीची बाग आणि शेतघराचं आवार सोडायचं, उभ्या पिकात शिरायचं नाही, बांधाने जायचं. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. एप्रिल-मेमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा कळपाजवळ धावणं थांबवून चालत जा. वासरं बरोबर असलेल्या गायींच्या मधून तर कधीच जाऊ नका, लांबून वळसा घाला.

पहिली वाट लॉख लेव्हनची. लॉख म्हणजे सरोवर. एडिनबराहून किनरॉसपर्यंत बस जाते, आणि तिथून सरोवराला पूर्ण प्रदक्षिणा घालणारी बारीक खडीची, दाबून पक्की केलेली पायवाट आहे. साधारण 21 किलोमीटर, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनएवढी, आणि जवळपास सपाट. गाड्या नाहीत, चिखल क्वचित, चुकायला जागा नाही. सरोवरातल्या बेटावर जो पडका किल्ला दिसतो त्यात स्कॉट्सची राणी मेरी 1567 मध्ये कैदेत होती. पुढच्या वर्षी ती तिथून निसटली. धावताना तो किल्ला बराच वेळ सोबत करतो, कधी झाडांतून, कधी उघड्या पाण्यापलीकडे.

मला ही वाट ऑक्टोबरात सगळ्यात आवडते. आइसलंडहून हजारो गुलाबी पायांचे हंस इथे उतरतात. सकाळी ते थव्याने उठतात तेव्हा आधी आवाज येतो, मग आभाळात रेघा दिसतात. मी दर वेळी थांबते, घड्याळ चालू असलं तरी. पाण्यावरून येणारा वारा मात्र इथली खरी चढण आहे. निघण्याआधी वाऱ्याची दिशा बघा आणि समोरून वारा लागणारा काठ आधी संपवा. अंग घामाने भिजल्यावर, थकलेले असताना थंड वारा छातीवर घेणं वाईट. 21 किलोमीटर जास्त वाटत असतील तर किनरॉसहून चार किलोमीटर जाऊन परत या, त्यातही किल्ला दिसतो.

दुसरी वाट ग्लासगोहून. स्टेशनच्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं (Milngavie) पाहून फसू नका, गावाचा उच्चार ‘मलगाय’ असा आहे. ग्लासगोहून लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोचता. इथूनच वेस्ट हायलंड वे सुरू होतो: 1980 मध्ये खुला झालेला, फोर्ट विल्यमपर्यंत जाणारा 154 किलोमीटरचा मार्ग. आपल्याला त्याचा फक्त पहिला टप्पा घ्यायचा आहे, ड्रिमेन गावापर्यंतचे 19 किलोमीटर. आधी मगडॉकचं रान, मग क्रेगॅलियन लॉख, आणि झाडी संपली की एकदम डमगॉयनची टेकडी समोर उभी राहते. पुढे वाट जुन्या रेल्वेमार्गाच्या भरावावरून जाते, सरळ आणि सपाट. फाटकं बरीच आहेत, लय मोडते, ते धरूनच चाला. शेवटी शांत डांबरी रस्ता आहे. ड्रिमेनहून परतीच्या बस मोजक्याच असतात, म्हणून बसची वेळ आधी बघून त्यावरून निघायची वेळ ठरवा.

तिसरी लॉख कॅट्रिन. याच सरोवराचं पाणी 1859 पासून ग्लासगोच्या नळांना येतं. उत्तर काठाने ट्रॉसॅक्स धक्क्यापासून स्ट्रॉनॅकलॅकरपर्यंत सुमारे 21 किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, पण त्यावर खासगी गाड्या नेता येत नाहीत. डांबर म्हणून हलक्यात घेऊ नका, रस्ता सतत खालीवर होतो आणि शेवटचे चढ मांड्यांना लागतात. काही लोक धावत जातात आणि बोटीने परत येतात. मी उलटं सांगेन: सकाळच्या बोटीने स्ट्रॉनॅकलॅकरला जा आणि तिथून धावत परत या. एकदा पाय मुरगळल्यामुळे माझी शेवटची बोट नऊ मिनिटांनी चुकली होती, आणि त्या काठावर दुकान नाही, बस नाही. उलट दिशेने धावलं की कितीही हळू गेलात तरी शेवट तुमच्याच गाडीजवळ होतो. बोटींचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, ते आधी बघा. पाणी आणि खाणं सोबत घ्या. सरोवराच्या डोक्याशी ग्लेनगाइल लागतं. स्कॉटिश लोककथांमधला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर 1671 मध्ये तिथे जन्मला.

आता चौथी, पेंटलंडची. फ्लॉटरस्टोनहून सुरुवात करून टर्नहाउस हिल (506 मीटर), कार्नेथी (573), स्कॉल्ड लॉ (579, या रांगेतलं सगळ्यात उंच) आणि मग ईस्ट व वेस्ट किप असा कणा धरून जायचं; खाली उतरून लोगनली आणि ग्लेनकोर्स जलाशयांच्या काठच्या रस्त्याने परत. साधारण 14 किलोमीटर, चढाई 700 मीटरच्या आसपास. वेळ कसा काढायचा? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालणाऱ्यांसाठी एक हिशेब दिला होता, त्यातला चढाचा भाग मी वापरते: सपाटीवरच्या वेळेत दर दहा मीटर चढाला एक मिनिट मिळवायचं. म्हणजे सपाटीवर 14 किलोमीटरला दीड तास लागत असेल तर इथे आणखी सत्तर मिनिटं धरा. चिखलाचे दिवस असतील तर वीस अजून. या हिशेबाने माझं उत्तर सहसा पाच-सात मिनिटांच्या फरकाने बरोबर येतं.

चढ चालत चढा, त्यात कमीपणा नाही. इथले मुरलेले धावपटूही तेच करतात. हिरवंगार, चमकदार शेवाळ दिसलं की त्यावर पाय ठेवू नका, खाली दलदल असते. त्याच्या कडेला हेदरची जांभळट झुडपं असतात, ती धरून जा, मुळं जमीन घट्ट ठेवतात. ऑगस्टमध्ये हेच हेदर फुलतं आणि कार्नेथीचा उतार सगळा जांभळा होतो.

या वाटेला खोल खाचांच्या तळाचे ट्रेल शूज हवेतच. पाणी आत येऊ न देणारे बूट घ्यायच्या मोहात पडू नका: पाणी वरून शिरतं आणि बाहेर पडत नाही. जाळीचे बूट आणि लोकरीचे पातळ मोजे बरे. पाठीवरच्या छोट्या पिशवीत शिवणी बंद केलेलं पावसाळी जॅकेट, टोपी, हातमोजे, शिट्टी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि कागदी नकाशा. जुलैतसुद्धा. डिसेंबरात एडिनबराचा दिवस जेमतेम सात तासांचा असतो, जूनमध्ये साडेसतरा. हिवाळ्यात अंधार पडायच्या दोन तास आधी परत पोचायचं, हा माझा नियम. डोंगराच्या हवामानासाठी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज वाचा. त्यात माथ्यावरच्या वाऱ्याचा माणसावर काय परिणाम होईल तेही लिहिलेलं असतं. अडकलात तर 999, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू.

उन्हाळ्यात पश्चिमेकडे, म्हणजे कॅट्रिनच्या बाजूला, मिज नावाची बारीक चावरी चिलटं असतात. जुलै-ऑगस्टमध्ये, ढगाळ आणि वारा पडलेल्या संध्याकाळी त्यांचे ढग जमतात. पळत असेपर्यंत त्रास नाही, थांबलात की चेहरा भरतो. म्हणून नाडी बांधणं, नकाशा बघणं वाऱ्याच्या जागी करा.

आणि घरी आल्यावर, आंघोळीच्या आधी, गोचीड शोधा: गुडघ्यामागे, जांघेत, कमरपट्ट्याखाली, केसांच्या कडेला. खसखशीएवढी असते. बारीक चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढून काढा. तेल लावू नका, चटका देऊ नका. चावल्याची जागा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जा आणि गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, कारण गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजारावर लवकर औषध सुरू झालेलं बरं.