दातांवरील कीटण आणि कबरीतील माती: सूक्ष्म वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

पुरातत्त्वशास्त्र शिकताना पुरावनस्पतिशास्त्राकडे, म्हणजे प्राचीन वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासाकडे वळलेले विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात. जळालेले धान्य, बिया आणि कोळसा नुसत्या डोळ्यांनी दिसत असताना सूक्ष्मदर्शकाखालच्या कणांमागे एवढा वेळ का घालवायचा? माझ्यापुरते याचे सर्वांत स्पष्ट उत्तर ब्राझीलच्या दक्षिण किनाऱ्यावरील सांबाकींच्या अभ्यासात सापडले. सांबाकी म्हणजे तेथील आदिम रहिवाशांनी शिंपल्यांनी रचलेले मोठे ढिगारे. सांता कातारिना राज्यातील जाबुतिकाबेरा २ या ढिगाऱ्यात शतकानुशतके मृतांचे दफन होत राहिले. तेथील कबरींभोवती खांब रोवल्याच्या खुणा, चुली आणि मासळीच्या जेवणावळींचे अवशेष आढळतात. शिंपले आणि माशांची हाडे टिकतात, पण कंद सहसा डोळ्यांना दिसेल असे काहीच मागे ठेवत नाहीत. त्यामुळे हे लोक केवळ समुद्रावर जगत होते, असा समज बराच काळ रूढ होता. सांबाकींतील सांगाड्यांच्या दातांवर साचलेल्या कीटणात, म्हणजे कडक झालेल्या थरात, रताळ्याचे आणि कोनफळाच्या वर्गातील कंदांचे पिष्टकण (स्टार्चचे सूक्ष्म कण) मिळाल्यावर तो समज बदलावा लागला.

पेरूच्या उत्तरेकडील न्यान्चोक खोऱ्यातील उदाहरणही नवख्या अभ्यासकाने मुळातून समजून घ्यावे. डोलोरेस पिपेर्नो आणि टॉम डिलेहे या अभ्यासकांनी २००८ मध्ये तेथील सुमारे ९,००० ते ८,००० वर्षांपूर्वीच्या दातांवरील कीटणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लाल भोपळ्याचा गर, घेवड्याच्या वर्गातील बिया, भुईमुगाचे दाणे आणि इंगा या शेंगधारी वृक्षाच्या बिया यांचे पिष्टकण अनेक दातांवर आढळले. आपल्या स्वयंपाकघरात रोज वावरणारा भुईमूग त्या खोऱ्यातील माणसे इतक्या पूर्वी खात होती, हे वाचताना मला आजही विलक्षण आनंद होतो. शेतात काय पिकत होते हे बिया सांगतात, पण तोंडात काय गेले याचा थेट पुरावा कीटण देते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. फायटोलिथ म्हणजे वनस्पतीच्या पेशींत साचलेल्या सिलिकेचे कण. वनस्पती कुजली किंवा जळाली तरी ते मातीत उरतात. मक्याची पाने आणि कणसे, तसेच भोपळ्याची साल त्यांच्यावरून ओळखता येते, परंतु अनेक कंदांमध्ये ओळखण्याजोगे फायटोलिथ फारसे तयार होत नाहीत, तेथे पिष्टकणच उपयोगी पडतात. ध्रुवित प्रकाशात (ज्याची कंपने एकाच दिशेत असतात अशा प्रकाशात) पिष्टकणावर काळा क्रूस दिसतो. पदार्थ पाण्यात शिजला असेल तर कण फुगतो आणि तो क्रूस पुसट होतो किंवा नाहीसा होतो. हे सारे ओळखण्यासाठी पुस्तकातील छायाचित्रे पुरत नाहीत. ज्या प्रदेशाचा अभ्यास करायचा, तेथील वनस्पतींचा संदर्भसंग्रह स्वतः तयार करावा, त्यातील प्रत्येक जातीचे कण मोजावेत आणि एकाच जातीत आकार किती बदलतो याची नोंद ठेवावी. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण पुढची प्रत्येक ओळख याच संग्रहावर उभी राहते.

दूषितीकरणाबाबत मी फार आग्रही आहे. काही हातमोज्यांच्या पावडरीत मक्याचे पिष्ट असते, आणि अमेरिका खंडातील नमुन्यांत तर बऱ्याचदा मकाच शोधायचा असतो. म्हणून पावडरविरहित मोजे वापरावेत, टेबल, पाणी व रसायने यांची वेळोवेळी तपासणी करावी आणि कोऱ्या नमुन्यांचे (ज्यांत प्राचीन पदार्थ घातलेलाच नाही अशा नमुन्यांचे) निष्कर्षही अहवालात द्यावेत.

कबरीचा अर्थ लावताना याहून अधिक संयम लागतो. इराकमधील शानिदार गुहेत निअँडरथल या नामशेष मानवजातीच्या सांगाड्याजवळ परागकणांचे पुंजके मिळाले आणि फुलांसह दफनाचा विचार मांडला गेला. पुढे बिळे करणारे उंदरांसारखे प्राणी आणि मधमाश्या यांनी ते पराग आणले असण्याची शक्यता अभ्यासकांनी दाखवून दिली. त्यामुळे कबरीतील मातीचा नमुना घेताना ओटीपोटाजवळची, कवटीखालची आणि भांड्यातली माती स्वतंत्र पिशव्यांत ठेवावी, आणि कबरीबाहेरच्या त्याच थराचा तुलनात्मक नमुना न घेता पुढे जाऊ नये. ओटीपोटाजवळ मिळालेले कण अखेरच्या जेवणाचे, मृताखाली अंथरलेल्या पानांचे किंवा वरून ढासळलेल्या मातीचे असू शकतात. या तिन्हींमधून निवड करण्यास तुलनात्मक नमुन्याची मदत होते.

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वीच ठरली पाहिजे. कीटण आम्लात विरघळवले की ते पुन्हा मिळत नाही, आणि ते ज्यांच्या दातांवर होते त्यांचे वंशज आजही अनेक ठिकाणी हयात आहेत. अमेरिकेत मूळ रहिवाशांचे अवशेष परत करण्याविषयीचा कायदा १९९० मध्ये झाला, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा अवशेषांवर संशोधन करण्याआधी संबंधित समुदायांची संमती घ्यावी लागते. संशोधनाचा प्रस्ताव लिहितानाच ही संमती कोणाकडून, कशी आणि कोणत्या अटींवर मिळणार हे लिहावे. किती दातांवरील किती कीटण वापरणार आणि किती राखून ठेवणार, हेही त्याच पानावर नोंदवावे.