मेक्सिकोत टेस्टिंग टूरला जाताय? ताटातल्या आणि ग्लासातल्या या चुका टाळा

वाहाका शहरातली आमची पहिली टेस्टिंग टूर, म्हणजे गाइडबरोबर ठिकठिकाणी थोडं थोडं चाखत फिरणं. बुकिंगच्या फॉर्मवर बायकोच्या नावापुढे 'व्हेजिटेरियन' असं लिहिलं आणि आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या ठिकाणी तिच्यासमोर मेस्कल या मेक्सिकन दारूचं कॉकटेल आलं, ग्लासाच्या काठाला विटकरी रंगाचं मीठ लावलेलं. अर्धा ग्लास संपल्यावर मी सहज विचारलं, हे मीठ असं लाल का? गाइडने लगेच सांगितलं: साल दे गुसानो. मेस्कल ज्यापासून करतात त्या 'मागे' (अगावे) नावाच्या घायपातासारख्या झाडावरच्या अळ्या वाळवून, भाजून, मिरची आणि मिठाबरोबर कुटलेलं. त्याने काही लपवलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. तिने ग्लास खाली ठेवला आणि पुढचे दोन तास पाण्याशिवाय कशालाही हात लावला नाही.

त्यानंतर वाहाकात आणि मेक्सिको सिटीत मिळून आणखी तीन टूर केल्या आणि त्या अतिशय सुंदर झाल्या. पहिलीत काय काय चुकलं हे आता नीट कळतंय. टेक्सास-कॅलिफोर्नियातून चार दिवसांची सुट्टी काढून येणारी मराठी मंडळी तिथे बरीच भेटतात, त्यांच्याही तक्रारी याच असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फक्त 'शाकाहारी' म्हणून थांबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मेक्सिकोत बोलण्याच्या ओघात 'कार्ने' म्हणजे मुख्यतः गाई-डुकराचं मांस. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं तरी ताटात चिकनचे तुकडे किंवा हॅम येऊ शकतं आणि देणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे मांतेका, डुकराची चरबी. घोटून परतलेल्या घेवड्यात ती असते, तामालच्या, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या, पिठात फेटलेली असते. भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात आणि मोले, म्हणजे मिरची-मसाल्यांचा दाट रस्सा, तोही त्याच पाण्यात सैल करतात. वाहाकाची प्रसिद्ध त्लायुदा, म्हणजे परातीएवढी कडक तोर्तिया (मक्याची पोळी), तिच्यावर घेवड्याच्या आधी आसिएंतोचा हात फिरतो. आसिएंतो म्हणजे चरबी कढवल्यावर तळाशी उरलेली बेरी.

गव्हाची तोर्तिया आपल्याला पोळीसारखी, म्हणून निर्धोक वाटते. पण तिच्या पिठात परंपरेने मांतेकाच घालतात. मक्याच्या तोर्तियात मात्र मका, पाणी आणि चुना एवढंच असतं. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून, धुऊन, दळून ते पीठ होतं. मेक्सिकन स्वयंपाकाचा सगळा पाया या चुन्यावर उभा आहे.

म्हणून मोबाइलमध्ये हे वाक्य लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी दाखवा: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन, नी मांतेका, नी काल्दो दे पोयो.' मांस, कोंबडी, मासे, हॅम, चरबी आणि चिकनचं पाणी यांपैकी काहीच खात नाही, असा त्याचा अर्थ. मांतेकाच्या बाबतीत भाषांतराच्या ॲपवर विसंबू नका. अर्जेंटिनात याच शब्दाचा अर्थ लोणी होतो. अंडं चालत नसेल तर 'नी उएवो' जोडा.

हे सगळं टूरच्या किमान दोन दिवस आधी कळवायचं. आदल्या दिवशी कळवलं तर गाइडकडे ठिकाणं बदलायला वेळ उरत नाही. तारीख ठरवताना संकष्टी-एकादशीही बघून घ्या. टूर नेमकी उपवासाच्या दिवशी आली, ही तक्रार मी दोघांकडून ऐकली आहे.

एवढं केलंत की जे मिळतं ते फार सुरेख आहे. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया (आपण भजी करतो तीच फुलं), फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी म्हणजे नोपाल, मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी उइत्लाकोचे, निळ्या मक्याच्या पिठात घेवडा किंवा चीज भरून तव्यावर भाजलेला त्लाकोयो. उइत्लाकोचे दिसायला ओबडधोबड असते, पण तिची मातकट, किंचित गोडसर चव विसरता येत नाही. ती नाकारणं हीदेखील मी चूकच मानतो. राजधानीत केसादिया मागताना 'कोन केसो' म्हणा. तिथे न सांगता चीज येईलच असं नाही.

ग्लासात मांसाहार नसतो असं समजणं

अळ्यांच्या मिठाचं वर सांगितलं. मेस्कलबरोबर संत्र्याच्या फोडींवरही तेच भुरभुरतात, त्यामुळे साधं मीठ हवं असेल तर 'साल नोर्माल' सांगायचं. मेस्कलचा पेचुगा नावाचा एक मानाचा प्रकार आहे. त्यात शेवटच्या ऊर्ध्वपातनाच्या वेळी भट्टीच्या भांड्यात फळं, मसाले आणि कोंबडीचं किंवा टर्कीचं कच्चं छातीचं मांस टांगतात. पेचुगा म्हणजेच छाती. चव नितळ असते, शंकाही येत नाही. मिचेलादा या बिअरच्या पेयात सालसा इंग्लेसा (वूस्टरशर सॉस) पडतो, त्यात अँकोवी मासे असू शकतात, आणि बऱ्याच ठिकाणी शिंपल्यांचा अर्क असलेला टोमॅटोचा रस. फेसाळ कॉकटेलमध्ये अंड्याचा पांढरा बलक घातलेला असू शकतो. शाकाहारी माणसाने प्रत्येक ग्लासामागे 'यात काय काय आहे' एवढं विचारावं. चांगला गाइड या प्रश्नाने खूशच होतो.

पोहोचल्याच्या संध्याकाळीच टूर ठेवणं

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे विमानातून उतरताच तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्याही सहाशे मीटर वर असता, झोप झालेली नसते, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. अशा वेळी टकिलाच्या दोन मार्गरिटा घेतल्या की डोकं ठणकतं आणि माणूस बार्टेंडरला दोष देतो. पहिले दोन दिवस फिरा, पाणी प्या, तिसऱ्या दिवशी टूर ठेवा. पाणी बाटलीबंदच, नळाचं नको. बर्फ चांगल्या ठिकाणी शुद्ध पाण्याचा येतो, तिथे घाबरायचं कारण नाही. गाड्यावर खात्री नसेल तर 'सिन इएलो', बर्फाशिवाय.

सकाळी हॉटेलात भरपेट नाश्ता करून दुपारच्या टूरला जाणं आणि रिकाम्या पोटी मेस्कलच्या टूरला जाणं, दोन्ही वाईट. थोडं काहीतरी पोटात असू द्या.

चुकीच्या वेळी चुकीचा पदार्थ मागणं

तिथला मुख्य जेवणाचा वक्त दुपारी दोन ते चार. ताकोस अल पास्तोरची मजा रात्री, उभ्या सळईवर मसाला लावलेलं डुकराचं मांस फिरत असताना. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी आणलेल्या शावरमाचं ते मेक्सिकन रूप. बार्बाकोआ शनिवारी-रविवारी सकाळी, कारण मांस रात्रभर जमिनीतल्या खड्ड्यात शिजतं आणि दुपारपर्यंत संपतं. टूर कोणत्या वेळेची आहे ते बघून मग पदार्थांची अपेक्षा ठेवा. पुण्या-मुंबईत 'मेक्सिकन' म्हणून मिळणारा कडक ताको आणि पिवळ्या चीजचे नाचोज इथे शोधू नका. नाचोज १९४० च्या दशकात सीमेवरच्या पिएद्रास नेग्रासमध्ये जन्मले आणि मोठे झाले अमेरिकेत.

'आम्हाला तिखटाची सवय आहे' म्हणणं

मिरची याच भूमीतून निघाली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली. आपलं तिखट तिथलंच आहे, पण त्यांच्याकडे त्याची घराणी कितीतरी. हालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोत्ले होते, पोब्लानो वाळली की आंचो. युकातानची हाबानेरो फळासारखी वासाची आणि हालापेन्योच्या कित्येक पटींनी तिखट. कोल्हापुरी झणका जिभेवर येतो आणि तेलाने वाहून जातो. हाबानेरो घशात बसते. 'पिका?' म्हणजे तिखट आहे का, असं विचारलंत आणि 'नो पिका' उत्तर आलं, तरी ते त्यांच्या जिभेचं उत्तर आहे. आधी एक थेंब तोर्तियाच्या टोकाला लावून बघा. तोंड पेटलंच तर पाणी किंवा बिअर नको. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. क्रेमा (आंबूस साय), चीज, दूध, सोबत कोरडी तोर्तिया.

तेलातली सालसा माचा दिसली तर जरूर घ्या. शेंगदाणे, सुकी मिरची, लसूण, कधी तीळही. आपल्या शेंगदाण्याच्या चटणीची लांबची बहीण वाटते.

मेस्कल एका घोटात संपवणं

इथे मला थोडं थांबायचंय, कारण ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि तिने सगळ्यात जास्त गमावतात.

आपल्या शेताच्या बांधावर कुंपणाला घायपात लावलेला असतो, ज्याच्या पानांचा वाख काढून दोर वळतात. मेक्सिकोतला मागे हा त्याचाच गोतावळा. झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. मेस्कलसाठी ते फुलायच्या आत काढतात. लागवडीच्या एस्पादिन जातीचा मागे तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं घेतो, डोंगरकड्यांवरचा रानटी तेपेस्ताते वीस-पंचवीसही. पानं छाटून उरलेला गाभा, ज्याला अननसासारखा दिसतो म्हणून पिन्या म्हणतात, तो तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात मातीखाली काही दिवस भाजतात. मेस्कलचा धूर तिथून येतो. मग दगडी चाकाखाली चेचणं, लाकडी पिंपात उघड्यावर आंबवणं, दोनदा ऊर्ध्वपातन. वाहाकाजवळच्या सांतियागो मातात्लानमध्ये हे सगळं डोळ्यांसमोर बघता येतं. वीस वर्षांचं झाड दोन सेकंदांत घशाखाली ढकलताना माझा तरी हात थांबतो.

तिथले लोक 'आ बेसोस' म्हणतात, चुंबन घेतल्यासारखे घोट. पहिला घोट अगदी लहान, फक्त तोंड ओलं करायला. तो जळजळतोच. त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्या घोटाला चव उघडते. नाक ग्लासात खुपसलं तर निव्वळ अल्कोहोल झोंबतं, म्हणून ग्लास हनुवटीपाशी धरून वास घ्या. दोन थेंब तळहातावर चोळा, अल्कोहोल उडून गेल्यावर भाजलेल्या गाभ्याचा गोड वास उरतो. टेस्टिंगमध्ये आधी एस्पादिन, मग रानटी जाती, पेचुगा असेल तर शेवटी. उलट क्रमाने दिलं जात असेल तर गाइडला विचारा. मध्ये पाणी, संत्र्याची फोड. लिंबू-मीठ चाटून शॉट मारण्याची पद्धत वाईट दारूची चव लपवायला ठीक, चांगल्या मेस्कलला नव्हे. बाटलीतली अळी हीदेखील दर्जाची खूण नाही.

मागेच्याच काही जातींच्या गाभ्यात खड्डा करून रोज गोळा केलेला रस म्हणजे आगुआमिएल, आणि तो आंबला की पुल्के. नीरा आणि ताडी आठवा, नेमकं तेच नातं. पुल्के बुळबुळीत लागतो म्हणून पहिल्या घोटालाच बाजूला ठेवणारे मी पाहिले. फळाचा गर घातलेला कुरादो मागा, आंबा किंवा पेरू, सुरुवात सोपी होते. तो ताजाच प्यायचा असतो, म्हणून या देशाबाहेर त्याची खरी चव मिळणं कठीण.

कॉकटेलच्या यादीत फक्त मार्गरिटा बघणं

पालोमा मागा: टकिला, ग्रेपफ्रूटचा सोडा, लिंबू, मीठ. उन्हाळ्यात याच्यासारखं दुसरं नाही. टकिला कोणती, हे विचारायला लाजू नका. बाटलीवर '१०० टक्के अगावे' लिहिलेलं नसेल तर त्यात ४९ टक्क्यांपर्यंत इतर साखर आंबवलेली असू शकते. मेक्सिको सिटीतले बार आज जगात अव्वल गणले जातात. हँडशेक स्पीकईझी २०२४ मध्ये जगातल्या ५० सर्वोत्तम बारच्या यादीत पहिला आला. अशा ठिकाणी टूरबाहेर जायचं असेल तर जागा आधी राखून ठेवा.

दारू घेत नसाल तर टूर टाळायचं कारण नाही. जमाइका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, तामारिंदो म्हणजे चिंचेचं, ओर्चाता तांदूळ-दालचिनीचं. वाहाकात तेहाते मिळतं, मका आणि कोकोचं थंड पेय, वर फेसाची जाड साय. बाजारातल्या बायका ते हाताने घुसळतात.

तरीही बिघडलंच तर

पोट बिघडलं तर फार्मसीत 'सुएरो ओराल' मागा, आपलं ओआरएस. ताप किंवा रक्त असेल तर डॉक्टर, घरगुती उपाय नकोत. टूरमध्ये गाइड घाई करतोय, एका ठिकाणी दहा मिनिटंही मिळत नाहीत असं वाटलं तर दुसऱ्याच ठिकाणी सांगा. शेवटी अभिप्रायात लिहून तुमची संध्याकाळ परत येत नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही, ताटकळत बसू नका, 'ला क्वेंता, पोर फावोर' म्हणा. टीप १० ते १५ टक्के.

बिनलेबलची प्लास्टिकच्या बाटलीतली दारू रस्त्यावरून विकत घेऊ नका. लेबलवर मागेची जात, गाव, करणाऱ्याचं नाव आणि 'आर्तेसानाल' (हातकामाची) किंवा 'आन्सेस्त्राल' (पूर्वापार पद्धतीची) हा प्रकार दिसला पाहिजे. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. अमेरिकेमार्गे येत असाल तर तिथे सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. विमानतळावर घेतलेली बाटली त्याच वेळी मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. हातातल्या पिशवीत राहिली तर पुढच्या तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.