जुनी जिप्सी घेताय? आधी गाडीखाली शिरा

चिखलात घालायला जुनी मारुती जिप्सी बघताना चकचकीत रंगाला आणि जाडजूड टायरना भुलू नका. टॉर्च घेऊन खाली शिरा. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, विशेषतः स्प्रिंगचे पाटे जिथे बसवलेले असतात तिथे, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. गंजाचे पापुद्रे सुटले किंवा ताजा काळा रंग फासलेला दिसला, तर चहाला न थांबता निघा. गाडी कोकणातल्या खाऱ्या हवेतली असेल तर दुप्पट संशय घ्या. इंजिन काय, पुन्हा बांधता येतं. सडलेली चेसिस नाही.

मग मातीच्या रस्त्यावर पुढच्या चाकांचे हब लॉक करून (म्हणजे ती चाकं इंजिनाच्या ताकदीला जोडून) फोर-व्हील हाय आणि लो, म्हणजे चारही चाकं ओढणारे वेगाचे आणि जोराचे गिअर, दोन्ही टाकून चालवा. कोरड्या डांबरावर नको, ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर, उगाच ताण येतो. आरसीची 15 वर्षांची मुदतही तपासा. घेतल्यावर पहिला खर्च ब्रेक, ऑइल आणि होज पाइपवर. गाडी उंच करणारी हौसेची लिफ्ट किट नंतर.